फोटोत उरलेला हात

पडद्यावर माझी मुलगी होती आणि माझ्या हातात पाण्याच्या बाटल्यांचा ट्रे होता.

तलासरीतलं एक सभागृह. लग्नाला भाड्याने देतात ते. मागच्या लग्नाची झेंडूची माळ खांबावर तशीच वाळलेली. पुढच्या रांगेत सरकारी खात्याचे साहेब. त्यांच्या शेजारी अनुदान द्यायचं की नाही ते ठरवणारी समिती. मागच्या रांगेत आमच्या संस्थेचे फील्डवाले. मी फील्डवाली, पण मी मागच्या रांगेतही नव्हते. 'जरा पाणी फिरवतेस का गं? शिपाई आला नाहीये,' असं रेवती मॅडम म्हणाल्या होत्या. गोड म्हणाल्या. त्या सगळं गोडच म्हणतात.

रेवती मॅडम प्रकल्पाच्या समन्वयक. माईक त्यांच्या हातात. पडद्यावर रोशनी, माझी पाच वर्षांची पोर, उंबऱ्यावर बसलेली. नाक वाहतंय. मागे कुलूप लावलेलं दार. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: 'दुर्लक्षित बालक. पालक अनुपस्थित. देखरेखीला कोणीही नाही.'

समितीतल्या एका बाईंनी 'च् च्' केलं. मी त्यांच्या पुढ्यात बाटली ठेवली. 'थँक्यू,' त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. पालक अनुपस्थित. पालक त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

खरं सांगायला बसलेय तर पहिलं खरं हे सांगते. त्या क्षणी मला माझ्या पोरीचं काहीच वाटलं नाही. माझी नजर गेली फोटोच्या कोपऱ्यात. तिथे बारीक अक्षरांत 'छायाचित्र' आणि पुढे मॅडमचं नाव होतं. फोटो मी काढला होता. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की माझा फोटो हिने आपल्या नावावर घातला. आई नंतर जागी झाली. आधी जागा झाला तो हेवा.

त्या हेव्याबद्दल मी लपवणार नाही. दोन वर्षं मी त्याच्यावर जगले.

मी सायवनकडच्या एका पाड्यावरची. बारावी झाले, डहाणूला वर्षभर कॉलेज केलं, मग लग्न. नवरा उंबरगावच्या कंपनीत, पंधरा दिवसांनी घरी येतो. संस्थेत लागले तेव्हा पाड्यावर कुणाला खरं वाटेना. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. मुलांवरचे अत्याचार आणि हेळसांड थांबवायचा सरकारी कार्यक्रम, त्याला सरकारचं अनुदान, आणि त्यासाठी आधी घरोघर पाहणी. पाहणी मी करायची. मॅडम महिन्यातून दोनदा यायच्या.

त्या गाडीतून उतरल्या की मी आधी त्यांच्या चपला बघायचे. आमच्या मातीत फिरूनही त्या चपला स्वच्छ कशा राहतात, ते मला कधी कळलं नाही. मग त्यांची पाण्याची बाटली, ज्यात पाणी संध्याकाळपर्यंत गार राहतं. मग त्यांचं दमणं. त्या दमायच्यासुद्धा छान. खुर्चीत मागे टेकून डोळे मिटायच्या आणि साहेबलोक म्हणायचे, मॅडम किती काम करता. मी दिवसभर पाच पाडे चालून आले तर म्हणायचे, चहा टाक. तहसील कचेरीत त्या शिरल्या की दोन माणसं उठून उभी राहायची. माझी ओळख त्या करून द्यायच्या, 'ही आमची फील्डची मुलगी.' मी तीस वर्षांची. त्या माझ्याहून चारच वर्षांनी मोठ्या. पण त्या मॅडम आणि मी मुलगी.

मी घरी येऊन आरशासमोर त्यांच्यासारखं 'ॲक्च्युअली' म्हणून बघायचे. जमायचं नाही. पोटात दुखायचं.

त्यातून माझी पोर. मॅडम आल्या की रोशनी धावत जाऊन त्यांच्या मांडीवर बसायची. त्यांची पर्स उघडायची, त्यातला आरसा काढायची. मॅडम हसायच्या. एकदा घरी येऊन मला म्हणाली, 'आये, तू मॅडमसारखी का नाय?' पाच वर्षांच्या पोरीला मी त्या दिवशी उगाच एक धपाटा घातला. कार्यक्रम मुलांना न मारण्याचा, आणि त्याचं ओळखपत्र तेव्हा माझ्या गळ्यात होतं.

आता त्या पाहणीचं सांगते, कारण खरा घोळ तिथेच झाला, आणि तो मी केला.

आमच्या पाड्यांवर सरकारी पाहणीला उत्तर एकच. नाही. घरात टीव्ही? नाही. मोटारसायकल? नाही. कोंबड्या? नाही, आणि कोंबडी पायात फिरत असते. हे लबाडीने नाही. शिकून शिकून शिकलेलं आहे. मी सात-आठ वर्षांची असताना असाच एक पाहणीवाला आला होता. माझ्या बापाने तेव्हा नवीनच एक जुनी सायकल घेतलेली. पाहणीवाल्याने विचारलं, 'वाहन?' बाप छाती काढून म्हणाला, 'हाय ना. सायकल हाय.' नुसता म्हणाला नाही, घंटी वाजवून दाखवली. पुढे घरकुलाची यादी आली तेव्हा आमचं नाव तिच्यात नव्हतं. सायकलमुळे गेलं की आणखी कशामुळे, देव जाणे. पण पाड्यावर सगळ्यांनी ते सायकलीलाच लावलं. आई मरेपर्यंत बापाला म्हणायची, 'वाजव घंटी.' तेव्हापासून आमच्या घरात सरकारला कुणी 'आहे' म्हणालं नाही.

म्हणून टॅब घेऊन मी दारोदार गेले तेव्हा बायांना आधीच सांगून ठेवलं. 'विचारेन, तुम्ही कामावर गेल्यावर पोरं कोण सांभाळतं. नाही सांगा. कोणी नाही. मग योजना येईल.' बायांनी मान हलवली. त्यांना नवं काहीच नव्हतं.

आणि खरं काय होतं? खरं म्हणजे डोकरी होती.

डोकरी म्हणजे म्हातारी. आमच्याकडे ती शिवी नव्हे, मानच आहे. ही कुणाची आजी नाही. नवरा मेला, पोटचं एक जगलं नाही. पाड्याच्या मधोमध तिचं घर, पुढे शेणाने सारवलेला ओटा. सकाळी बायांना न्यायला टेम्पो येतो. कुणी चिकूच्या वाडीत जातं, कुणी गवत कापायला, कुणी गुजरातेत कंपनीत. टेम्पोत चढायच्या आधी जी ती आपलं पोर डोकरीच्या ओट्यावर सोडते. सोबत एक मूठ तांदूळ. सगळ्या मुठी एका टोपात पडतात, दुपारी त्याची पेज होते. ज्या घरात त्या दिवशी मूठभरही नसतं त्या घरच्या पोरालाही तीच पेज. कुणाची मूठ आली, कुणाची नाही, ते डोकरी बघत नाही.

तिला आकडे येत नाहीत. म्हणून तिची एक रीत आहे. पोर आलं की त्याने वाटेतून एक खडा उचलून आणायचा आणि तिच्या सुपात टाकायचा. संध्याकाळी आई न्यायला आली की पोराने सुपातून एक खडा उचलायचा आणि जायचं. सूप रिकामं झालं की डोकरी पाय पसरून तंबाखू मळते. खडा उरला की काठी घेऊन निघते. मी स्वतः त्या सुपात खडा टाकत वाढले. आता रोशनी टाकते.

एकदा असाच खडा उरला होता. डोकरी शोधत गेली तर एक पोरगी गवताच्या उडव्यामागे लपलेली. चुलत्याने उलथन्याने डागलेलं. चुलता गावात वजनदार, पुढाऱ्याच्या गाडीतून फिरणारा. ते प्रकरण मी खरंखुरं लिहिलं, दोन पानं. ते मॅडमनी प्रस्तावातून काढलं. 'ह्यात वाद होईल गं. अनुदानाच्या टप्प्यावर वाद नको.' मला राग आला नाही. खोटं कशाला बोलू. मला वाटलं, माझं लिखाण चांगलं उतरलं म्हणून हिला खुपतंय. हेवा माणसाला इतकं आंधळं करतो. त्या पोरीचं पुढे काय झालं ते मी सहा महिने विचारलंसुद्धा नाही.

तर टॅबवरचा प्रश्न. 'पालक कामावर असताना देखरेख कोण करतं?' खाली चौकटी: आई, वडील, आजी-आजोबा, इतर नातेवाईक, कोणीही नाही. डोकरीची चौकट नव्हती. मी मॅडमना फोन लावला. म्हणाल्या, 'रक्ताचं नातं आहे का?' मी म्हटलं, 'नाही, पण...' 'मग कोणीही नाहीवर टाक. आणि हे बघ, जितकी जास्त तितकं प्रस्तावाला बरं.'

टाकलं. तीस पोरं. तिसांवर 'कोणीही नाही'. त्यात तेविसावी रोशनी. माझ्या घरची पाहणी मीच केली, मीच विचारलं, मीच उत्तर दिलं. पोरगी तेव्हा डोकरीच्या ओट्यावर पेज पीत होती.

मग मॅडम म्हणाल्या, प्रस्तावाला एक फोटो हवा. मी माझ्या मोबाईलवर काढला. मला अभिमान होता, म्हणून पूर्ण काढला. डोकरीचा ओटा, मागे तिच्या घराचं दार. कोंबड्या शिरतात म्हणून ती दिवसा कुलूप घालते. मध्ये डोकरी, भोवती त्या वेळी ओट्यावर असलेली सात पोरं, पुढे सूप. रोशनी उंबऱ्यावर. तिला सर्दी होती आणि डोकरी पदराने तिचं नाक पुसायला वाकली होती. फोटो पाठवताना मी खाली लिहिलं, 'आमच्या पाड्याची बालवाडी.' मॅडमनी अंगठा पाठवला. त्या अंगठ्याने मी दिवसभर खूश होते.

सभागृहात पडद्यावर तोच फोटो होता. सहा पोरं कापलेली. सूप कापलेलं. डोकरी कापलेली. उरलेली एकटी रोशनी, कुलूप, आणि डाव्या कडेला एक हात. मनगटावर गोंदण, काळा दोरा. पदराचं टोक धरलेला. पूर्ण कापला गेला नव्हता. एवढ्या मोठ्या पडद्यावर तो कुणालाच दिसला नाही. मला दिसला. कारण त्या हाताने माझंही नाक पुसलंय.

साहेबांनी विचारलं, 'ही मुलगी आता कुठे आहे?'

'सर, पहिल्या तुकडीत घेतोय हिला,' मॅडम म्हणाल्या. 'अनुदान आलं की नरपडच्या बाजूला निवासी केंद्र सुरू होतंय. तीसही मुलं तिथे हलवू.'

'पालक तयार होतील?'

'फील्ड टीम बोलतेय त्यांच्याशी.'

फील्ड टीम म्हणजे मी. माझ्याशी कुणीच बोललं नव्हतं. ट्रेमध्ये दोन बाटल्या उरल्या होत्या. त्या मी नेऊन साहेबांसमोर ठेवल्या. टाळ्या वाजल्या तेव्हा ट्रे काखेत धरून मीही वाजवल्या. हे मी विसरू शकत नाही, आणि विसरायचंही नाही.

परतीला मॅडमनी मला गाडीतून उधव्याच्या नाक्यापर्यंत सोडलं. वाटेत त्यांच्या मुलीचा फोन आला. बोलून झालं आणि त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'सोमवार ते शुक्रवार ती आजीकडे असते. मी खरंच लकी आहे. आजीच्या हाताखाली वाढलेली मुलं वेगळीच असतात.'

मी म्हटलं, 'रोशनीपण असते.'

'हो? कुणाकडे?'

'डोकरीकडे. तुम्ही तिच्याच बाजेवर बसून चहा प्यायलात. फोटोत तिचा हात आलाय.'

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. 'अगं, प्रस्तावात असं लिहावं लागतं. तू मनाला लावून घेऊ नकोस. तिथे दूध, अंडी, शाळा, सगळं असेल. तुझ्या मुलीचं भलंच होईल. आणि हे बघ, संमतीवर पहिली सही तू कर. तुला बघून बाकीच्या करतील.' त्यांनी तीस संमतिपत्रांचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. प्रत्येकावर साक्षीदाराची एक जागा. 'साक्षीदार म्हणून त्या म्हाताऱ्या बाईंचा अंगठा घे. त्यांना सगळे मानतात ना.'

म्हणजे मानतात हे माहीत होतं. प्रस्ताव लिहिताना ती कोणीच नव्हती आणि अंगठा लावायला ती सगळ्यांची.

मी गाडीतून उतरले. जळत होते, पण हा जाळ वेगळा होता. चपलेचा नव्हता, बाटलीचा नव्हता. हिची आई आपल्या नातीला सांभाळते तर त्याला भाग्य म्हणतात. माझी डोकरी सांभाळते तर त्याला हेळसांड. हिची पोर पाच दिवस आईवेगळी राहते त्याची पाहणी करायला टॅब घेऊन कुणीही जात नाही. एवढा हेवा मला आजवर कशाचाच वाटला नव्हता. हिला कुणी विचारत नाही, याचा हेवा.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन डोकरीकडे गेले. जळत असले तरी नोकरी होती. म्हटलं, पाड्यात सगळ्यांत मोठी ती, तिच्यापासूनच सुरुवात करू. शाईची डबी उघडली. तिने अंगठा पुढे केला, विचारलं काहीच नाही. डबीत बुडवून मग म्हणाली, 'वाच तरी. काय लिवलंय?'

मी वाचलं. 'सदर बालकाची देखरेख करणारी कोणीही व्यक्ती नसल्याने...'

तिने अंगठा वरच धरला. 'यात मी कुठं हाय?'

माझं सगळं शिक्षण, बारावी, वर्षभराचं कॉलेज, दोन वर्षांचं टॅबवर बोट फिरवणं, त्यात याचं उत्तर नव्हतं. तिच्या ओट्यावर तिच्यासमोर बसून मी तीस वेळा लिहिलं होतं की ती नाही. लिहिताना तिचीच पेज प्यायले होते. कुंपणच शेत खातं म्हणतात. ते कुंपण मी.

'राहू दे,' मी म्हटलं आणि कागद ओढून घेतले. तिने शाई ओट्याच्या खांबाला पुसली. तो डाग अजून आहे.

मॅडमना कळवलं, सह्या तपासणीच्या दिवशीच घेऊ. समिती पाड्यावर येणार होती, पाहणी खरी की खोटी ते बघायला. मला चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी बायांना जाऊन सांगायला हवं होतं, की बायांनो, या वेळी 'आहे' म्हणा. मी गेले नाही. नोकरी जाईल म्हणून. ओळखपत्र जाईल म्हणून. परत नुसती पाड्यावरची बाई होईन म्हणून. तपासणीच्या दिवशी बघू, आयत्या वेळी काहीतरी होईल, असं म्हणत बसले.

तपासणीला साहेब आले, च् च् करणाऱ्या त्या बाई आल्या, मॅडम आल्या. बाया त्या दिवशी कामावर गेल्या नव्हत्या. डोकरीच्या ओट्यासमोर उभ्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन. डोकरी ओट्यावर बसलेली. मांडीवर रोशनी. शेजारी सूप आणि सुपात खडे.

साहेब चांगला माणूस होता. त्याने वाकून विचारलं, 'आजी, ही मुलं दिवसभर कोण सांभाळतं?'

डोकरीने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

'कोण्ही नाय, सायेब.'

'मग तुम्ही कोण?'

'मी कोण्ही नाय. अशीच बसलीय.'

माझी पोर तिच्या मांडीवर होती. तिचा हात पोरीच्या डोक्यावर होता. आणि ती सांगत होती की ती नाही. माझ्यासाठी सांगत होती. माझी नोकरी टिकावी, पाड्याला योजना यावी म्हणून. कागदात आपण कुठं आहोत ते विचारणारी तीच, पण पाड्यासाठी तिने स्वतःला पुसून टाकलं. साहेबांनी बायांना विचारलं. एक म्हणाली नाय. दुसरी म्हणाली नाय. तिसरीने नुसती मान हलवली. मी शिकवलेलं एकजात सगळ्यांनी पाठ केलं होतं. मॅडम बाजूला उभ्या राहून हलकेच मान डोलवत होत्या, शाळा तपासणीत वर्ग बरोबर उत्तरं देतो तेव्हा बाई डोलवतात तशी.

साहेब वहीत लिहायला लागले आणि मी म्हटलं, 'आहे.'

आवाज फाटला. परत म्हटलं. 'आहे साहेब. ही सांभाळते. पाहणी मी केली, मी खोटं लिहिलं. बायांना नाही म्हणायला मी सांगितलं. आणि तुम्ही पडद्यावर बघितलेली पोर ही आहे. तिची आई मी आहे. तुम्हाला पाणी दिलं होतं त्या दिवशी.'

मोबाईल काढून पूर्ण फोटो त्यांच्यासमोर धरला. सात पोरं. सूप. डोकरी.

मॅडम म्हणाल्या, 'सर, ती आत्ता जरा इमोशनल झालीय.'

'मी इमोशनल नाही,' मी म्हटलं. 'मी पालक आहे. उपस्थित आहे. माझ्या पोरीला कुठेही पाठवायची माझी संमती नाही. आणि जिला खरंच डागलं होतं तिचं प्रकरण तुम्ही काढलंत, ते आधी परत घाला.'

साहेबांनी फोटो बघितला. सुपाकडे बघितलं, पण ते काय आहे ते विचारलं नाही. वही मिटली. 'मॅडम, हे तुमचं तुम्ही आधी ठरवून घ्या,' म्हणाले. गाड्या गेल्या.

कुणाला वाटेल मग बायांनी मला जवळ घेतलं असेल. एक बाई माझ्या पायापाशी थुंकली. 'तूच बोललीस नाय सांगा. आता तूच योजना घालवलीस. बाप तशी लेक.' मला बापाची घंटी आठवली. ती खोटं बोलत नव्हती. डोकरी तेवढी म्हणाली, 'पोरं भुकेली हायत. आधी पेज वाढ.' मी वाढली.

चार दिवसांनी ओळखपत्र परत मागितलं. दिलं. दोन महिन्यांनी कळलं की अनुदान मंजूर झालं, दुसऱ्या पाड्याच्या नावावर. तिथेही तीस पोरं, तिथेही कोणीही नाही. त्यांच्या माहितीपत्रकावर अजून रोशनीच आहे, उंबऱ्यावर, एकटी. मॅडमचा सत्कार झाला डहाणूला. मी फोटो बघितला. साडी छान होती. मला पोटात दुखलं. अजूनही दुखतं. हा हेवा जात नाही आणि आता मी तो घालवणारही नाही. आधी मला तिची खुर्ची हवी होती. आता मला तिच्या हातातला माईक हवाय.

कार्यक्रम बंद व्हावा असं माझं म्हणणं नाही. डागलेल्या पोरीच्या घरी मी गेले, सहा महिन्यांनी का होईना. तिला बोलतं करायला आठ दिवस लागले. तक्रार दिलीय. चुलता धमक्या देतोय, देऊ दे. असल्या पोरींसाठीच ते अनुदान आहे. ते सरकारच्या तिजोरीतून येतं, म्हणजे आमचं आहे. ते मागायला मला कुणाची मॅडम व्हायची गरज नाही.

मी वही घेतलीय. साधी, शाळेची. घरोघर परत जातेय. निम्म्या बाया दार लावून घेतात. लावू देत, मी उद्या परत जाते. ज्या बोलतात त्यांच्यापुढे लिहिते आणि लिहिलेलं वाचून दाखवते. त्या दुसऱ्या पाड्यावरही गेले होते. तिथल्या बायांना विचारलं, तुमची डोकरी कोण? आधी नाय म्हणाल्या. मग एक हसली आणि बोटाने एक घर दाखवलं.

सरकारी खात्याला द्यायचा अर्ज लिहून झालाय. ओट्यावर छप्पर, दूध, अंडी, आणि जी सांभाळते तिला पगार. पहिल्या पानावर पूर्ण फोटो, खाली माझं नाव. 'देखरेख कोण करतं' या प्रश्नापुढे डोकरीचं नाव लिहायचं होतं. तेव्हा लक्षात आलं की ते मलाच माहीत नाही. तीस वर्षं तिची पेज प्यायले. विचारलं तर तिलाही जरा आठवावं लागलं. मग म्हणाली, 'लखमी.'

लिहिलं. तिने अंगठा लावला, या वेळी न थांबता.

दुसरा कागद संस्थेला. माझ्या मुलीचा फोटो पत्रकावरून काढा. पंधरा दिवसांत काढला नाही तर मी डोकरीला आणि सुपासकट सगळ्या पोरांना घेऊन तुमच्या दारात येऊन बसणार आहे. आल्यावर पाणी तुम्ही फिरवायचं.